कुत्र्यांचं ग्रूमिंग शिकायचंय? कात्रीचा नंबर शेवटी लागतो

पाळीव प्राण्यांच्या या पानासाठी गेल्या अंकात ग्रूमिंगच्या कामाबद्दल प्रश्न मागवले होते, आणि बापरे, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, मला कुत्री खूप आवडतात तर ग्रूमर होऊ का, म्हणून तिथूनच सुरुवात करते, बाकीचे प्रश्न जसे हाताला लागले तसे घेतलेत. नावं मुद्दाम काढून टाकलीत, कारण काहींनी आपल्या सध्याच्या मालकांबद्दल जरा मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: ताई, माझं शिक्षण यंदा संपतंय आणि मला ऑफिसात बसायचं नाहीये. कुत्री म्हणजे माझा जीव की प्राण. घरी सांगितलं तर आई म्हणते एवढं शिकून कुत्र्यांचा न्हावी होणार का. याला लायसन लागतं का, कोर्स करू की सरळ एखाद्या सलूनमध्ये कामाला लागू?

उत्तर: कुत्री आवडतात हे चांगलंच, पण एक सांगते, या कामात भेटणारी कुत्री ही तुझ्या ओळखीची, तुला बघून शेपटी हलवणारी कुत्री नसतात. ती अनोळखी असतात, घाबरलेली असतात, त्यांना पंजा धरलेला आवडत नाही, ड्रायरचा आवाज सहन होत नाही, आणि त्यांना घेऊन आलेल्या माणसाने मोबाइलवर कुठल्यातरी भलत्याच जातीच्या कुत्र्याचा फोटो दाखवून अस्संच करा म्हणून सांगितलेलं असतं. हे सगळं दिवसभर, उभ्याने, ओल्या अॅप्रनमध्ये. तर आधी एक कर, एखाद्या चालत्या सलूनमध्ये सुट्टीच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या गर्दीच्या दिवशी, सकाळपासून बंद होईपर्यंत नुसती थांब. झाडू मार, टॉवेल धू, केस गोळा कर, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःला विचार की उद्या परत यावंसं वाटतंय का.

त्या दिवसात तुझ्या लक्षात येईल की कात्री फार कमी वेळ चालते. एक गोल्डन रिट्रीव्हर घे उदाहरणाला. आधी कोरडा असताना ब्रश करून गुंता काढायचा, नखं, कान, मग आंघोळ, आणि आंघोळीत पाणी कातडीपर्यंत पोचायलाच बराच वेळ जातो कारण त्याच्या वरच्या लांब केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो आणि तो पाणी आत शिरू देत नाही. मग मोठा ब्लोअर, ज्याने पाणी उडतं आणि मेलेला खालचा थर नुसता भसाभस बाहेर येतो, नाकातोंडात केस. एका हाताने नळी आणि दुसऱ्या हाताने केस बाजूला करत करत, भांग पाडल्यासारखं एक एक ओळ मोकळी करत कातडी दिसेपर्यंत सुकवायचं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला पाहिजे, मगच कात्री. हे नीट झालं नसेल तर कितीही भारी कात्री असू दे, कापलेलं दुसऱ्या दिवशी पायऱ्या पायऱ्यांचं दिसतं, कारण अर्धवट ओले वाकडे केस सुकून आपल्या जागी जातात. म्हणून चांगल्या सलूनमध्ये नवीन पोरांना कितीतरी महिने फक्त आंघोळ आणि सुकवणं देतात. लोकांना वाटतं राबवून घेतात, मला वाटतं तेच खरं शिक्षण आहे, कारण त्या काळात तुझ्या हाताला हजार तऱ्हेची अंगं कळतात, कुठे दुखलं की कुत्रं कसं आखडतं, कुठल्या जातीचा केस कसा लागतो. जिथे पहिल्याच आठवड्यात हातात कात्री देतात तिथून सरळ निघून ये.

लायसनचं म्हणशील तर बहुतेक देशांत ग्रूमर व्हायला सरकारी परवाना लागत नाही, दुकानाचे जे काय कागद असतील तेवढे, बाकी कोणीही उठून पाटी लावू शकतं. त्यामुळे सर्टिफिकेटवर किती शिक्के आहेत यापेक्षा कोर्समध्ये तू स्वतः, एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत किती कुत्री करणार ते विचार. एका कुत्र्यामागे विद्यार्थी किती, पूडलसारखे कुरळे, शिह त्झूसारखे लांब, लॅब नि पॉमेरेनियनसारखे दोन थरांचे, टेरियरचे राठ, असे सगळे केस हाताखालून जाणार का, प्रथमोपचार शिकवतात का. उत्तर देताना गडबडले किंवा सगळं पुतळ्यावर शिकवतो म्हणाले तर पैसे भरू नकोस. व्हिडिओ बघ, जरूर बघ, पण चुळबुळ करणाऱ्या कुत्र्याची मान किती हलक्या हाताने धरायची हे व्हिडिओत कळत नाही. एक गोष्ट मात्र घरबसल्या होते, कात्री धरायची आणि फक्त अंगठा हलवायचा, बाकीची चार बोटं आणि खालचं पातं अजिबात हलता कामा नये. गप्पा मारताना, टीव्ही बघताना रिकामी कात्री चालवत राहा. आधी अंगठा बोंबलतो, मग सवय होते.

आणि आईला सांग की जनावरांचा डॉक्टर कुत्र्याला वर्षातून एकदोनदा बघतो, ग्रूमर दर चार-सहा आठवड्यांनी त्याच्या अंगाचा इंच न् इंच हाताखालून घालतो. मागच्या वेळी नसलेली गाठ, कानातला आंबूस वास, बोटांच्या बेचक्यातली गोचीड, हिरड्या, एखादा पाय उचलला की अंग चोरणं, हे सगळं आधी ग्रूमरच्या लक्षात येतं. फक्त आपण डॉक्टर नाही हे विसरायचं नाही. "इथे गाठ लागतेय, दाखवून घ्या" एवढंच म्हणायचं, ती कसली आहे ते आपण सांगायचं नाही.

प्रश्न: सुरुवातीला काय काय घेऊ? ऑनलाइन एक तीसेक वस्तूंचा किट दिसतोय. आणि ब्लेडच्या नंबरांनी डोकं फिरलंय.

उत्तर: किट घेऊ नका. त्यातल्या चार वस्तू वापराल, त्याही लवकर बदलाल.

केस कापायच्या मशीनला लावायच्या ब्लेडचं गणित उलटं आहे एवढं लक्षात ठेवलं की संपलं, नंबर जितका मोठा तितके केस बारीक. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतं, 7 एफ (एफ म्हणजे सगळे दात सारख्या लांबीचे) साधारण 3, 5 एफ 6 च्या आसपास, 4 एफ साडेनऊपर्यंत. 40 नंबर जवळजवळ कातडीलाच लागतं, पाव मिलिमीटर, ते नुसतं अंगावर फिरवायला नाही, वर प्लास्टिकचा कंगवा बसवून लांब केस ठेवायचे असतील तेव्हा आत ते घालतात. पोट, शेपटीखाली, पंजाच्या गाद्यांमधले केस, इथे 10. एफ नसलेल्या 4, 5, 7 मध्ये एक दात लांब एक आखूड असतो, त्या फटीत काखेची, जांघेची सैल कातडी सहज अडकून कापली जाते, त्यामुळे हात बसेपर्यंत एफवालीच वापरा. आणि हो, ही मापं केसांच्या दिशेने चालवलं तरची, उलट्या दिशेने फिरवलंत तर तेच ब्लेड खूप जास्त कापतं, नवीन लोक इथेच फसतात.

10 नंबरची दोन ब्लेड घ्या, कारण ब्लेड तापतं. दर काही मिनिटांनी ब्लेडची पाठ स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, तुम्हाला चटका बसला तर कुत्र्याच्या उघड्या पोटाला काय होत असेल विचार करा. ते तिथे काही बोलत नाही, घरी जाऊन रात्रभर चाटतं आणि सकाळी तिथे लाल ओली जखम झालेली असते. तापलं की बदला, तेल घाला.

बाकी मशीन ब्लेड सुटी होणारं घ्या, माणसांच्या दाढीचं ट्रिमर दाट केसांत चालत नाही. एक सरळ कात्री, एक वाकडी, एक दातेरी, आणि डोळ्यांजवळ, पंजाजवळ वापरायला बोथट टोकाची छोटी. बाकी ठिकाणी पैसे वाचवा, पण कंगवा आणि ड्रायर चांगला घ्या. टेबलावर न घसरणारी मॅट हवीच, कारण पाय सरकला की कुत्रं घाबरतं आणि घाबरलं की उडी मारतं. कुत्र्याच्या गळ्यात टेबलाच्या दांड्याला बांधलेला लूप अडकवलेला असताना टेबलाला पाठ करून जायचं नाही, टॉवेल घ्यायलासुद्धा नाही, फोन वाजला तर वाजू दे. उडी मारलेलं कुत्रं त्या लूपला लटकतं आणि तिथे वेळ सेकंदांत मोजायची असते.

प्रश्न: काळ्या नखांची भीती वाटते, रक्त आलं तर?

उत्तर: येतं कधीतरी, मरत नाही त्याने. पांढऱ्या नखात आतली गुलाबी नस बाहेरून दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून काळं नख एका घावात कापायचं नाही, चकतीसारखं पातळ पातळ कापत जायचं आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी कोरडा, भुरकट दिसतो, मग मधोमध एक गडद ओलसर ठिपका दिसायला लागतो, तिथे थांबायचं. रक्त थांबवायची पावडर आधीच उघडून बाजूला ठेवा, शोधाशोध करत बसलात तर टेबलभर लाल ठसे होतात आणि मालकाला भोवळ येते. आतल्या बाजूचं वर असलेलं पाचवं नख विसरू नका, ते जमिनीला घासत नाही म्हणून वाढत वाढत गोल फिरून मांसात घुसतं. फार वाढलेली नखं एकदम आखूड होत नाहीत कारण नसही लांब झालेली असते, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं कापत गेलं की ती मागे सरकते.

प्रश्न: मी सहा महिन्यांपासून एका सलूनमध्ये आहे. जटा झालेली शिह त्झू येतात आणि मालक म्हणतात केस लांबच ठेवा, तुम्ही सोडवा की. कापलं की भांडतात. आमचे सर म्हणतात ग्राहक म्हणेल तसं करायचं. काय करू?

उत्तर: हा प्रश्न प्रत्येक ग्रूमरच्या टेबलावर रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मालक खोटं बोलत नसतात. ते रोज ब्रश करतात, पण वरून. वरचे दोन बोटं केस मऊ नि मोकळे असतात आणि खाली कातडीलगत सगळं नमद्यासारखं एकजीव झालेलं असतं. म्हणून तोंडाने समजावत बसू नका. कुत्रं आणलं की मालक समोर असतानाच स्टीलचा कंगवा त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, तुम्हीच फिरवून बघा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांडीच्या आत, शेपटीच्या बुडाशी. कंगवा अडकला की चेहरा बदलतो, मग पुढचं बोलणं सोपं जातं. हे सगळं कुत्रं ठेवून जाण्याआधी झालं पाहिजे. भादरून झाल्यावर दिलेलं कारण कितीही खरं असलं तरी ते सबब वाटतं. काय करणार, किती बारीक होणार, खाली काय निघू शकतं, हे लिहून त्यांची सही घ्या.

एखाददुसरी गाठ असेल तर सोडवता येते, आंघोळीच्या आधी, कारण जट ओली झाली की आवळून बसते. गाठीचं बूड बोटांत घट्ट धरायचं म्हणजे ओढ तुमच्या बोटांना बसते, कातडीला नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं मोकळं करत मुळाकडे यायचं. कात्रीने जट कापायची नाही. कधीच नाही. ओढ बसून कातडी त्या गाठीत वर तंबूसारखी उचललेली असते, तुम्हाला वाटतं केस कापतोय आणि हातात कातडीचा तुकडा येतो.

सगळ्या अंगभर असेल तर मात्र सोडवणं म्हणजे तासन्तास केस उपटणं, आणि ते कशासाठी तर केस लांब दिसावेत म्हणून. केस परत येतात हो, शिह त्झूचे तर वाढतच राहतात, पण टेबलाची बसलेली धास्ती पुढची कितीतरी वर्षं जात नाही. त्यामुळे 10 किंवा 7 एफ, जटेच्या खालून, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरून, सावकाश. बरेचदा सगळा कोट गोधडीसारखा एका तुकड्यात निघतो. खाली लाल, ओली, वास येणारी कातडी असू शकते, जखम असू शकते, गरम हवेत तर अळ्यासुद्धा निघतात. जे दिसेल त्याचे फोटो काढा, मालकाला दाखवा, डॉक्टरकडे पाठवा.

कानांचं वेगळं सांगते कारण हे फार कमी शिकवलं जातं. जड जटा झालेले कान भादरले की एकदम हलके होतात, कानातला रक्तप्रवाह वाढतो, खाज येते आणि कुत्रं फडफड फडफड कान झटकत राहतं. त्या झटक्यांनी पाळीच्या आतली रक्तवाहिनी फुटून कान फुग्यासारखा फुगू शकतो, आणि मग थेट ऑपरेशनपर्यंत जातं. म्हणून भादरून झाल्यावर कान डोक्याशी चिकटून राहतील अशी सैलसर मऊ पट्टी किंवा कापडी टोपी काही तास घाला आणि मालकाला सांगूनच पाठवा की झटकत असेल तर लक्ष ठेवा.

आता तुमच्या सरांचं. केसांची लांबी ग्राहकाने ठरवायची, मान्य. पण कुत्र्याला दुखवून ती लांबी राखायची की नाही हे टेबलावर उभं असलेल्याने ठरवायचं, कारण कातडी फाटली तर नाव तुमचंच येणार आहे. सरांना एकदा एकांतात हे बोलून बघा. तरी ऐकत नसतील तर सहा महिन्यांचा अनुभव घेऊन दुसरीकडे बघा, नीट ब्लो-ड्राय करणारी माणसं सगळ्यांनाच हवी असतात.

(याच्या उलटंही एक पत्र आहे, उन्हाळा आला की लोक हस्की आणि पॉमेरेनियन घेऊन येतात आणि झीरो मारा म्हणतात, मारू का. नाही. दोन थरांचा कोट ऊनही अडवतो. भादरल्यावर उघडी कातडी उन्हाने भाजू शकते, आणि केस परत येताना कधी ठिगळांसारखे येतात, कधी महिनोन् महिने येतच नाहीत. त्यापेक्षा खालचा मेलेला थर ब्लोअरने नि रेकने, म्हणजे लांब दातांच्या फणीने, पूर्ण काढून द्या, हवा कातडीपर्यंत जाते आणि फरक त्यांना घरी गेल्यावर कळतो. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी भादरायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.)

प्रश्न: मला चावण्याची भीती वाटते हे कोणाला सांगायलाही लाज वाटते. भीती असलेल्या माणसाने या कामात यावं का?

उत्तर: या. ज्याला अजिबात भीती नाही त्याच्या टेबलावर मी माझा कुत्रा देणार नाही.

न सांगता चावणारी कुत्री फार थोडी, बहुतेक आधी सांगतात, आपण ऐकत नसतो. काही खायला नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान तिकडे पण डोळा तुमच्याकडे आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, हे सगळं बोलणं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धापा टाकणारं तोंड अचानक बंद होणं आणि अंग ताठ होणं. हालचाल थांबली की नवीन माणसाला वाटतं शांत झालं बरं, आणि तो कात्री पुढे नेतो. त्या क्षणी हात मागे घ्यायचा. गुरगुरल्याबद्दल ओरडायचं नाही, ओरडा खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही.

मझल, म्हणजे तोंडाला बांधायची मुसकी, वापरायला लाज नको, पण जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. तोंड आवळणारं कापडी मझल नखांपुरतं एखाद-दोन मिनिटं ठीक, ते घालून ड्रायर लावायचा नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे दुखत असतात, पाय बाजूला ओढून वर उचललात तर शांत कुत्रंही तोंड टाकेल, पाय खालीच ठेवून पुढे-मागे वाकवा. नाहीच जमत तर आज नखं, चार दिवसांनी आंघोळ असं तोडा, आणि तरीही नाही जमलं तर सरळ नाही म्हणा. औषध देऊन करायचं असेल तर ते डॉक्टरकडेच, मालकाने पुढे केलेली गोळी आपण द्यायची नाही.

आणि काम सुरू करण्याआधी रेबीजची लस घ्या. सततचा धोका असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आधीच घ्यायचे दोन डोस सांगते, एक पहिल्या दिवशी आणि दुसरा त्यानंतर सात दिवसांनी. तरीही चावलं तर साबण नि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आधी लस झाली असली तरी पुढचे डोस लागतातच.

प्रश्न: आमच्याकडे शाम्पू पाण्यात मिसळून बाटल्या भरून ठेवतात, संपेपर्यंत वापरतात, कधी आठवडाभर. गेल्या महिन्यात दोन कुत्र्यांना आंघोळीनंतर पाठीवर फोड आले. मालक म्हणतात अॅलर्जी. खरंच?

उत्तर: असू शकते अॅलर्जी, पण मी आधी बाटलीकडे बघेन. पाणी घातलं की शाम्पूतलं जंतू रोखणारं औषधही पातळ होतं, आणि सुडोमोनास नावाचा जंतू अशा ओल्या बाटलीत आरामात वाढतो. मग तोच शाम्पू आपण पाठीवर, त्यातही केसांच्या उलट दिशेने, खसाखसा चोळतो, म्हणजे जंतू केसांच्या मुळात खोल ढकलला जातो. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांत पाठीवर फोड, हात लावू न देण्याइतकं दुखणं, ताप, सुस्ती, असं चित्र असेल तर ते ग्रूमिंगनंतरचं केसांच्या मुळांचं इन्फेक्शन असू शकतं. मलमाने जात नाही, डॉक्टर नमुना तपासून अँटिबायोटिक देतात. उशीर झाला तर कुत्रं खूप आजारी पडतं.

उपाय फुकटचा आहे. दिवसाला लागेल तेवढंच मिसळायचं, संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं, बाटल्या धुवून उलट्या ठेवून पूर्ण सुकवायच्या. मूळ बाटलीतही पाणी घालायचं नाही. आणि त्या दोन कुत्र्यांच्या घरी फोन करून विचारा, कितीही अवघड वाटलं तरी.

ब्रशचंही तसंच, गजकर्णाचे बीजाणू ब्रशवर, टॉवेलवर महिनोन् महिने जिवंत राहतात आणि ते कुत्र्याकडून माणसालाही होतं. अंगावर गोल टक्कल पडलेलं कुत्रं आलं तर टेबलावर घेऊ नका, आधी डॉक्टर.

प्रश्न: गर्दीच्या वेळी कुत्र्याला ड्रायर लावलेल्या पिंजऱ्यात ठेवून दुसरं करायला घेतलं तर चालतं ना?

उत्तर: गरम हवा आणि बंद पिंजरा, नाही चालत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि गार व्हायला त्याच्याकडे धापा टाकण्याशिवाय फारसं काही नाही, भोवती गरम दमट हवा असेल तर तेही काम करत नाही. 41 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्यांचं तर फार लवकर. पंखा लावून, गार हवेत, नजरेसमोर, एवढंच.

प्रश्न: माझं वय 43. दुकानात काउंटरवर काम केलंय, आता हे शिकायचंय, पण कंबर धरते. उशीर झालाय का?

उत्तर: वयाने काही बिघडत नाही. उलट काउंटरवर माणसं सांभाळलेली असणं ही मोठी जमेची बाजू, कारण या धंद्यात कुत्र्यापेक्षा त्याचा माणूस समजावायला जास्त वेळ जातो. कंबरेचं मात्र आधीपासून बघावं लागेल. वरखाली होणारं टेबल असलेल्या ठिकाणीच शिका, वाकून कात्री चालवायची नाही, टेबल वर घ्यायचं. मोठं कुत्रं दोघांनी मिळून उचलायचं, नाहीतर पायऱ्या वापरायच्या. मनगट दुखायला लागलं की आधी कात्रीची धार बघा, बोथट कात्री जोर मागते.

तीन गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगते. ब्लोअरचा आवाज रोज तासन्तास ऐकून कान जातात, त्यामुळे कानाला मफ. उडालेले केस आणि कोंडा छातीत जातो, त्यामुळे मास्क, आणि दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तिसरं म्हणजे केसांची कुसळं. आखूड कापलेले राठ केस बोटांच्या बेचक्यात, छातीवर, पायात घुसतात, दिसत नाहीत, तिथेच राहिले तर पू धरतात, न्हाव्यांनाही हे होतं. बंद बूट, केस न चिकटणाऱ्या कापडाचा अॅप्रन आणि रोज रात्री बेचकी बघून चिमट्याने काढणं.

प्रश्न: शिकून झालंय. स्वतःचं सलून टाकू की घरोघरी जाऊ? रेट कसा ठरवायचा?

उत्तर: लगेच सलून टाकू नका. काही ठिकाणी दुसऱ्याच्या सलूनमध्ये टेबल भाड्याने मिळतं, ते मिळालं तर उत्तम, मशिनरी त्यांची, ग्राहक तुमचे. घरोघरी जाण्याचा फायदा असा की भुंकणारी दहा कुत्री आजूबाजूला नसतात, घाबरट आणि म्हातारी कुत्री घरी बरी राहतात. तोटा म्हणजे ब्लोअर जिने चढवायचा, घसरड्या बाथरूममध्ये वाकून आंघोळ घालायची, मोरी तुंबली की ती तुम्हीच साफ करायची, आणि दिवसाला जेमतेम तीन-चार कुत्री होतात.

रेट जातीवर ठरवू नका, वेळेवर ठरवा. दोन महिने प्रत्येक कुत्र्याला किती वेळ लागला ते वहीत लिहा, आंघोळ वेगळी, सुकवणं वेगळं, कात्री वेगळी. मग दिसेल की जटा झालेलं छोटं शिह त्झू नीट ठेवलेल्या मोठ्या लॅबपेक्षा जास्त वेळ खातं, आणि तुम्ही त्याचे कमी पैसे घेत होतात. जटांचे वेगळे पैसे बुकिंग घेतानाच सांगा.

पिल्लांना मात्र पहिल्या एक-दोन भेटी जवळजवळ फुकट द्या. पहिले तीन-साडेतीन महिने पिल्लू जे बघेल ते पुढे सहज घेतं, त्यामुळे लसीबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारून लवकर बोलवा, आणि त्या दिवशी कापायचं काही नाही, नुसतं टेबलावर उभं करायचं, पंजे हातात घ्यायचे, बंद मशीन अंगाला लावायचं, मग चालू करून लांब धरायचं, एखादा खाऊ, पंधरा मिनिटांत घरी.

पुढच्या अंकात मांजरांचे प्रश्न घेऊ, तेही बरेच साठलेत. तोवर एकच, कुत्र्यांची गोचीड-पिसवांची परमेथ्रिन असलेली औषधं मांजरांना विषारी असतात, तेव्हा उरलेलं मांजरीला लावू का असं ज्यांनी विचारलंय त्यांनी लावू नका, आणि लावून झालं असेल तर अंकाची वाट न बघता आत्ताच डॉक्टरला फोन करा.